दादा आणि मुख्यमंत्री : वसंतदादा पाटील यांची प्रतिमा आणि त्यांची राजवट

राजकीय नेत्याची प्रतिमा आणि त्याची कारकीर्द या दोन गोष्टी लोकव्यवहारात बहुधा एकच मानल्या जातात, पण त्या घडवणारी साधने वेगळी असतात आणि त्या तपासण्याची साधनेही वेगळी असतात. प्रतिमा म्हणजे नेत्याचा स्वभाव, त्याची बोली, त्याचा पोशाख, त्याच्याविषयी सांगितल्या जाणाऱ्या आठवणी आणि त्याच्या मृत्यूनंतर संस्थांना दिलेली त्याची नावे यांतून समाजाच्या मनात तयार झालेले चित्र. कारकीर्द म्हणजे पदावर असताना त्याने घेतलेले आणि घ्यायचे टाळलेले निर्णय, त्यांवर झालेला खर्च आणि त्यांचे दूरवर पोहोचलेले परिणाम. पहिल्या गोष्टीचा पुरावा सभेत, वर्तमानपत्रातील मृत्युलेखात आणि चौकातल्या पुतळ्यात सापडतो. दुसऱ्या गोष्टीचा पुरावा शोधायचा तर शासन निर्णय, म्हणजे मंत्रालयातील विभागाने सहीनिशी काढलेला लेखी आदेश, राजपत्र, विधिमंडळाच्या कामकाजाचे छापील वृत्तांत, अर्थसंकल्प आणि महालेखापरीक्षकांचे अहवाल अशा कोरड्या कागदांकडे जावे लागते. महाराष्ट्रात पहिल्या प्रकारचा पुरावा विपुल आहे आणि दुसऱ्या प्रकारच्या पुराव्याकडे जाण्याची सवय फारच थोड्यांना आहे. प्रस्तुत व्याख्यानाचा विषय असलेले वसंतराव बंडूजी पाटील, म्हणजे सर्वांचे वसंतदादा, हे या विसंगतीचे सर्वांत बोधप्रद उदाहरण ठरते, कारण त्यांच्या बाबतीत प्रतिमा खोटी नाही आणि तरीही ती त्यांच्या राजवटीतील सर्वांत मोठ्या निर्णयाला झाकून टाकते.

हा विषय लोणी काळभोरसारख्या गावी मांडण्याला विशेष औचित्य आहे. पुणे–सोलापूर रस्त्यावरील या गावाच्या आसपास काही मैलांच्या परिसरात वसंतदादांच्या नावाशी आणि निर्णयांशी जोडलेल्या तीन खुणा उभ्या आहेत. शेजारच्या मांजरी बुद्रुक येथे १९७५ साली डेक्कन शुगर इन्स्टिट्यूट म्हणून सहकारी साखर कारखान्यांनी उभारलेली आणि दादांच्या निधनानंतर वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट या नावाने ओळखली जाऊ लागलेली संशोधनसंस्था आहे. थेऊर येथे, अण्णासाहेब मगर यांच्या पुढाकाराने उभा राहिलेला आणि २०११ च्या सुमारास गाळप थांबलेला यशवंत सहकारी साखर कारखाना आहे, ज्याचे सभासद हवेली तालुक्यातील गावोगावी आहेत. आणि खुद्द लोणी काळभोरात, एकेकाळी राज कपूर यांची म्हणून प्रसिद्ध असलेल्या राजबागेत, एमआयटी या शिक्षणसमूहाचे विद्यापीठ उभे आहे, ज्याला राज्य विधिमंडळाने २०१५ साली कायदा करून खासगी विद्यापीठाचा दर्जा दिला. पहिल्या खुणेवर दादांचे नाव आहे, दुसरी ते ज्या चळवळीचे अध्वर्यू मानले जातात त्या चळवळीची आहे. तिसऱ्या खुणेशी त्यांचे नाव जनमानसात जोडलेले नाही. वस्तुतः मुख्यमंत्री म्हणून त्यांनी केलेल्या कामाशी सर्वांत निकटचा संबंध आहे तो या तिसरीचाच.

प्रतिमेपासून आरंभ करणे न्याय्य होईल, कारण ती पोकळ नाही. १३ नोव्हेंबर १९१७ रोजी जन्मलेले वसंतदादा तान्हे असतानाच प्लेगच्या साथीत आईवडिलांना मुकले आणि सांगलीजवळच्या पद्माळे गावी आजीच्या आधाराने वाढले. औपचारिक शिक्षण शाळेच्या खालच्या इयत्तांपलीकडे गेले नाही. २४ जुलै १९४३ रोजी सहकाऱ्यांसह सांगलीचा तुरुंग फोडून बाहेर पडताना त्यांच्या खांद्यात गोळी शिरली. १९५२ पासून विधानसभेत, पाठोपाठ सांगलीचा शेतकरी सहकारी साखर कारखाना, १९६७ साली पद्मभूषण, १९७२ पासून पाटबंधारे खाते, अशा क्रमाने त्यांचे सार्वजनिक जीवन विस्तारत गेले. साधे धोतर, खेडवळ बोलणे, कार्यकर्त्याच्या घरची माहिती तोंडपाठ असणे आणि फाईल वाचण्याआधी माणूस वाचणे, या गुणांमुळे ‘दादा’ हे नातेवाचक संबोधन त्यांच्या बाबतीत पदवीसारखे रुळले. मराठी समाजात थोरल्या भावाला दादा म्हणतात; थोरल्या भावाच्या निर्णयांचा हिशेब मागण्याची रीत घरात नसते, आणि ही रीत घरातून राजकारणात येताना कोणाच्या फारशी लक्षात येत नाही.

मुख्यमंत्रिपदावर वसंतदादा एकूण साडेतीन वर्षांच्या आसपासच होते, ही गोष्ट त्यांच्या प्रतिमेच्या आकाराकडे पाहता अनेकांना आश्चर्याची वाटेल. १९७७ च्या लोकसभा निवडणुकीत काँग्रेसची पडझड झाल्यावर एप्रिलमध्ये शंकरराव चव्हाण यांच्या जागी ते आले. मार्च १९७८ मध्ये दोन काँग्रेस पक्षांच्या आघाडीचे, नाशिकराव तिरपुडे उपमुख्यमंत्री असलेले, त्यांचे दुसरे मंत्रिमंडळ बनले आणि जुलै १९७८ मध्ये शरद पवार यांच्या गटाने बाहेर पडून पुरोगामी लोकशाही दलाचे सरकार स्थापन केल्याने ते कोसळले. त्यानंतर फेब्रुवारी १९८३ ते जून १९८५ हा दुसरा कालखंड. या दोन कालखंडांविषयी महाराष्ट्रात जे लिहिले आणि बोलले जाते त्याचा फार मोठा भाग जुलै १९७८ च्या त्या काही दिवसांनी व्यापलेला आहे. कोणी कोणाचा विश्वासघात केला, या प्रश्नाची चर्चा आज जवळजवळ पाच दशके चालू आहे. सरकार पडण्याची कथा सरकारच्या कामापेक्षा अधिक रंगतदार असते हे खरे, परंतु त्या कथेने दादांना ‘दुखावलेला थोरला भाऊ’ ही भूमिका बहाल केली आणि त्या सरकारने पंधरा महिन्यांत काय केले हा प्रश्न कायमचा मागे पडला.

त्या पंधरा महिन्यांत दोन गोष्टी घडल्या होत्या आणि दोन्ही प्रतिमेच्या चौकटीत बसत नाहीत. डिसेंबर १९७७ मध्ये राज्य सरकारी कर्मचाऱ्यांचा संप सुरू झाला आणि तो ५४ दिवस चालला; सर्वांना सांभाळून घेणारा, शब्दाने माणूस जिंकणारा नेता मुख्यमंत्री असताना सरकार आणि त्याचेच नोकर यांच्यातील ताठरपणा इतका लांबावा, यावरून व्यक्तीचा स्वभाव आणि तिजोरीचे गणित यांतले अंतर दिसते. दुसरी गोष्ट याहून मोलाची आहे. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी तासगाव तालुक्यातील विसापूर येथे प्रयोग करून सिद्ध केलेली, १९७२ च्या दुष्काळात राज्यभर पसरलेली आणि १९७५ च्या व्यवसाय कराने जिला पैशाचा आधार मिळाला ती रोजगार हमी योजना १९७७ साली विधिमंडळाने कायद्यात रूपांतरित केली, म्हणजे अंगमेहनतीचे काम मागण्याचा ग्रामीण प्रौढाचा हक्क सरकारच्या मर्जीवर न ठेवता कायद्याने मान्य केला. हा कायदा २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला, तेव्हा वसंतदादा पदावर नव्हते. योजनेचे जनक पागे, दुष्काळाचे मुख्यमंत्री वसंतराव नाईक आणि अंमलबजावणीच्या आरंभाचे मुख्यमंत्री पवार, अशी श्रेयाची विभागणी झाल्यावर ज्या राजवटीत कायदा मंजूर झाला तिचे नाव कोणाच्या ध्यानी राहिले नाही. ज्या तरतुदीचा धागा २००५ च्या राष्ट्रीय कायद्यापर्यंत पोहोचतो ती दादांच्या नावावर मांडली जात नाही, हा प्रतिमेने त्यांच्यावरच केलेला अन्याय म्हणावा लागेल.

आता १९८३ चा निर्णय. महाराष्ट्रात अभियांत्रिकीचे शिक्षण तोवर अत्यंत मर्यादित होते: पुण्याचे १८५४ चे अभियांत्रिकी महाविद्यालय, मुंबईची १८८७ ची तंत्रसंस्था, सांगलीचे १९४७ चे वालचंद महाविद्यालय, १९६० च्या दशकात कराड, औरंगाबाद, अमरावती येथे निघालेली शासकीय महाविद्यालये आणि आणखी काही मोजक्या संस्था. जागा कमी, विज्ञान शाखेतून बारावी होणारी मुले दरवर्षी अधिक, आणि ज्यांच्या वडिलांकडे पैसा आहे ती मुले देणगी भरून कर्नाटकात जात, असे चित्र होते. नव्या महाविद्यालयांना अनुदान देण्याची राज्याची आर्थिक ऐपत नव्हती किंवा सरकारने तसे ठरवले होते. अशा वेळी वसंतदादांच्या सरकारने विनाअनुदानित महाविद्यालयांना परवानगी दिली. विनाअनुदानित याचा अर्थ असा की शिक्षकांचे पगार आणि संस्थेचा चालू खर्च यांसाठी सरकार काहीही देणार नाही, सगळा खर्च विद्यार्थ्यांच्या शुल्कातून भागवायचा, मात्र अभ्यासक्रम, परीक्षा आणि पदवी विद्यापीठाची राहील. पुण्यातील एमआयटी, विश्वकर्मा आणि भारती विद्यापीठाचे अभियांत्रिकी महाविद्यालय, सांगलीजवळ बुधगाव येथील दादांच्याच नावाचे महाविद्यालय, आणि तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातील दुसऱ्या लोणीचे, म्हणजे प्रवरानगरच्या परिसरातील अभियांत्रिकी महाविद्यालय, ही सर्व त्या एकाच वर्षाची, १९८३ ची अपत्ये आहेत.

या निर्णयाचे फलित नाकारणे अप्रामाणिकपणाचे होईल. ज्या घरांत मॅट्रिकपलीकडे कोणी गेले नव्हते त्या घरांतील मुले अभियंते झाली, पिंपरी–चिंचवडचे कारखाने आणि पुढे पुण्यातील संगणक उद्योग यांना लागणारे मनुष्यबळ राज्यातच तयार झाले, आणि कमी शिकलेल्या एका मुख्यमंत्र्याने उच्च तंत्रशिक्षणाची दारे उघडली ही गोष्ट दादांचे चाहते अभिमानाने सांगतात ती रास्तच आहे. परंतु दार उघडणे हा निर्णयाचा अर्धा भाग झाला. दारावर कोण बसेल, तो किती घेईल आणि त्याच्यावर लक्ष कोण ठेवील, हा उरलेला अर्धा भाग १९८३ मध्ये लिहिलाच गेला नाही. प्रवेशासाठी शुल्काखेरीज घेतल्या जाणाऱ्या एकरकमी देणगीला, ज्याला कॅपिटेशन फी हे नाव पडले, मनाई करणारा राज्याचा कायदा १९८७ चा आहे, म्हणजे परवानग्यांनंतर चार वर्षांचा आणि दादा पद सोडून गेल्यानंतरचा. गुणवत्तेने मिळणाऱ्या जागा आणि अधिक शुल्काच्या जागा अशी देशव्यापी विभागणी सर्वोच्च न्यायालयाने उन्नीकृष्णन प्रकरणात १९९३ साली घालून दिली, आणि २००२ च्या पै प्रतिष्ठान प्रकरणात तीही मोडीत निघाल्यावर शुल्क नियंत्रण समित्यांचा काळ आला. म्हणजे ज्या प्रश्नांची उत्तरे परवानगीच्या आदेशातच असायला हवी होती ती दहा ते वीस वर्षे न्यायालयांना शोधावी लागली, आणि मधल्या पिढीच्या पालकांनी ती शेती विकून, दागिने मोडून किंवा सावकाराच्या दारी जाऊन स्वतःपुरती शोधली.

येथे प्रतिमा आणि कारकीर्द यांच्यातील खरा विरोध समोर येतो. वसंतदादांची ओळख सहकारमहर्षी अशी आहे. १९६० च्या महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमानुसार चालणाऱ्या साखर कारखान्यात भाग घेणारा शेतकरी हा सभासद असतो, त्याच्याकडे एक शेअर असो की शंभर, मत एकच असते, वार्षिक सर्वसाधारण सभेत ताळेबंद त्याच्यासमोर ठेवावा लागतो, लेखापरीक्षण अनिवार्य असते आणि पाच वर्षांनी संचालक मंडळाला त्याच्या दारी यावे लागते. प्रत्यक्षात या तरतुदी अनेकदा पायदळी तुडवल्या गेल्या. थेऊरच्या कारखान्याच्या सभासदांना हे कोणी शिकवण्याची गरज नाही, आणि सांगलीचा दादांनी उभारलेला कारखानाही पुढे अडचणीत येऊन भाडेतत्त्वावर चालवायला द्यावा लागला. तरीही तेथे जाब विचारण्याचा हक्क कागदावर तरी शिल्लक असतो. बंद कारखान्याच्या जमिनीचे काय करायचे यावर हवेलीतील सभासद बोलू शकतात, भांडू शकतात, न्यायालयात जाऊ शकतात, कारण ते मालकांपैकी आहेत.

विनाअनुदानित महाविद्यालयाची घडण याच्या नेमकी उलट आहे. ते १८६० च्या संस्था नोंदणी अधिनियमाखाली आणि १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाखाली नोंदलेल्या विश्वस्त मंडळाच्या हाती असते. विश्वस्त मोजके असतात, बहुतेकदा एकमेकांचे नातलग किंवा निकटवर्तीय, आणि ज्याच्या शुल्कावर संस्था चालते तो विद्यार्थी किंवा त्याचा पालक या रचनेत सभासद नसतो. त्याला मत नाही, सभेची नोटीस नाही, ताळेबंद मागण्याची सोय नाही. सहकाराचे सर्वांत मोठे पुरस्कर्ते मानले गेलेले मुख्यमंत्री जेव्हा ग्रामीण महाराष्ट्राच्या दुसऱ्या मोठ्या संपत्तीचा, म्हणजे शिक्षणाचा, पाया घालत होते तेव्हा त्यांनी त्यासाठी सहकाराची रचना निवडली नाही. शेतकरी पालकांचे भागभांडवल घेऊन, त्यांना मतदानाचा हक्क देऊन, सहकारी तत्त्वावर तंत्रमहाविद्यालये काढणे अशक्य होते असे म्हणता येत नाही. ज्या समाजाने सहकारी कारखाना, सहकारी बँक, सहकारी सूतगिरणी आणि सहकारी दूधसंघ उभा केला त्याला ही कल्पना परकी नव्हती. परवानग्या ज्यांना मिळाल्या त्यांत साखर कारखान्यांशी आणि पक्षाशी जोडलेल्या मंडळींचा मोठा भरणा होता, आणि ‘साखरसम्राट’ या शब्दाला ‘शिक्षणसम्राट’ हा जोडशब्द मिळाला तो याच दशकांत. ‘सहकारमहर्षी’ ही पदवी या निवडीकडे पाहू देत नाही, हा तिचा दोष आहे.

या निर्णयामागे स्वार्थ होता की भाबडा विश्वास, हा प्रश्न येथे मुद्दाम बाजूला ठेवला आहे. हेतूची चर्चा ही पुन्हा प्रतिमेचीच चर्चा असते. चांगला माणूस होता म्हणून निर्णय चांगला, किंवा परिणाम वाईट म्हणून माणूस लबाड, ही दोन्ही अनुमाने सारखीच आळशी आहेत.

दादांच्या दुसऱ्या राजवटीतील उरलेल्या नोंदींपैकी गिरणी संपाची नोंद सर्वांत दुःखद आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेला, सुमारे अडीच लाख कामगारांचा हा संप त्यांना वारशाने मिळाला, आणि तडजोडीत ज्यांचा हातखंडा मानला जाई त्यांच्या काळात त्यावर तोडगा निघाला नाही. ऑक्टोबर १९८३ मध्ये मुंबईतील तेरा गिरण्यांचे व्यवस्थापन केंद्राने ताब्यात घेतले, परंतु मान्यताप्राप्त संघटना कोणती हे ठरवणारा १९४६ चा मुंबई औद्योगिक संबंध कायदा, जो या संघर्षाच्या मुळाशी होता, तसाच राहिला. ‘पाणी अडवा, पाणी जिरवा’ या घोषणेचे श्रेय त्यांना दिले जाते आणि पाणलोट क्षेत्र विकासाचा सर्वंकष कार्यक्रमही १९८३ चा आहे. जलसंधारणाला स्वतंत्र खाते मात्र १९९० च्या दशकात सुधाकरराव नाईक यांच्या काळात मिळाले.

तुलनेसाठी अब्दुल रहमान अंतुले यांचे उदाहरण घेता येईल, कारण तेथे प्रतिमेने उलट दिशेने काम केले आहे. जून १९८० ते जानेवारी १९८२ या त्यांच्या राजवटीची आठवण म्हणजे सिमेंटचे वाटप, देणग्या आणि न्यायमूर्ती लेंटिन यांच्या निकालानंतरचा राजीनामा. त्या निकालाचे महत्त्व कमी लेखण्याचे कारण नाही. पण त्याच राजवटीत सुरू झालेली संजय गांधी निराधार अनुदान योजना अजूनही चालू आहे, आणि लोणी काळभोरच्या एखाद्या विधवेच्या किंवा अपंग माणसाच्या खात्यात येणाऱ्या रकमेचा उगम तेथे आहे. सिंधुदुर्ग आणि जालना हे जिल्हेही १ मे १९८१ चे. ज्या मुख्यमंत्र्याच्या नावावर लोक फक्त गैरव्यवहार लिहितात त्याच्या निर्णयाने निराधारांना मासिक आधार दिला, आणि ज्याच्या नावावर फक्त माया लिहितात त्याच्या निर्णयाने पालकांना देणगीच्या रांगेत उभे केले. दोन्ही ठिकाणी नोंदवही उघडल्याशिवाय हे दिसत नाही.

नोंदवही कशी उघडावी याचा वस्तुपाठ मात्र वसंतदादांच्याच सरकारने घालून दिला आहे, आणि त्यांच्या संपूर्ण कारकिर्दीतील हे सर्वांत धाडसी पाऊल मानायला हवे. १९८३ साली त्यांच्या सरकारने पुण्याच्या गोखले संस्थेशी दीर्घकाळ निगडित असलेले अर्थशास्त्रज्ञ वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखाली प्रादेशिक असमतोल शोधण्यासाठी सत्यशोधन समिती नेमली. समितीने १९८४ साली अहवाल दिला आणि ‘अनुशेष’ हा शब्द राजकारणात रूढ केला: रस्ते, सिंचन, शाळा, आरोग्य, वीज अशा एकेका क्षेत्रात राज्याची सरासरी काढायची, जो जिल्हा सरासरीच्या मागे असेल त्याची तूट मोजायची आणि ती भरून काढायला किती पैसा लागेल हे रुपयांत मांडायचे. असा एकूण अनुशेष सुमारे ३१८७ कोटी रुपयांचा निघाला आणि त्यात सिंचनाचा वाटा सर्वांत मोठा होता. पश्चिम महाराष्ट्राच्या ऊस पट्ट्यातून आलेल्या, स्वतः पाटबंधारे खाते सांभाळलेल्या मुख्यमंत्र्याने विदर्भ आणि मराठवाड्याच्या तुटीचा हिशेब काढण्याचे काम एका निर्भीड अर्थशास्त्रज्ञाकडे सोपवणे म्हणजे स्वतःच्याच राजकीय पायाविरुद्ध पुरावा गोळा करायला परवानगी देणे होते. विदर्भातील आणि मराठवाड्यातील कार्यकर्त्यांनी पुढे वैधानिक विकास मंडळांची मागणी लढवली ती याच आकड्यांच्या बळावर, आणि ती मंडळे १९९४ साली अस्तित्वात आली.

जून १९८५ मध्ये प्रदेशाध्यक्षपदाच्या नेमणुकीवरून पक्षश्रेष्ठींशी बिनसल्यावर दादांनी मुख्यमंत्रिपद सोडले, पुढे ते राजस्थानचे राज्यपाल झाले आणि १ मार्च १९८९ रोजी त्यांचे निधन झाले. १९८३ च्या परवानग्यांचा हिशेब दांडेकर समितीच्या रीतीने मांडणे हे काम पुणे जिल्ह्यातील एखाद्या महाविद्यालयाच्या राज्यशास्त्र किंवा अर्थशास्त्र विभागाला सहज हाती घेता येण्याजोगे आहे. प्रत्येक परवानगीमागे कोणती विश्वस्त संस्था होती आणि तिचा त्या वेळच्या विधिमंडळाशी कोणता संबंध होता, जमीन सरकारने कोणत्या दराने दिली की संस्थेने विकत घेतली, पहिल्या दहा वर्षांत शुल्क किती होते आणि देणगीच्या तक्रारी विधिमंडळात किती वेळा उपस्थित झाल्या, ज्या तालुक्यात महाविद्यालय उभे राहिले त्या तालुक्यातील किती मुले तेथून पदवी घेऊन बाहेर पडली, आणि शेतकरी व शेतमजूर घरांतील मुलांचे प्रमाण त्यांत किती होते: हे रकाने आखून सुरुवात हवेली तालुक्यापासून करता येईल, जेथे सभासदांचा बंद कारखाना आणि विश्वस्तांचे चालू विद्यापीठ एकाच परिसरात उभे आहेत.